गोडधोड, ऋतू आणि इंग्रजीतला हायकू: कसा लिहावा, कुठे फसतो

ओळ_तिसरी

आपल्याकडे बहुतेक गोडाला महिना ठरलेला आहे. पौषात तिळगूळ आणि गुळाची पोळी, फाल्गुनात पुरणपोळी, पाडव्याला श्रीखंड, चैत्रगौरीला पन्हं, आषाढी अमावास्येला कणकेचे गोड दिवे, नागपंचमीला पुरणाचे दिंड, नारळी पौर्णिमेला नारळीभात, भाद्रपदात उकडीचे मोदक, कोजागरीला आटीव दूध, दिवाळीत अनारसे, चिरोटे, करंज्या. जपानी हायकूचा, म्हणजे तीन तुकड्यांच्या छोट्या कवितेचा, कणाही हाच आहे. त्यात एक ऋतुशब्द असतो, त्याला किगो म्हणतात, आणि असे शब्द ऋतूंप्रमाणे लावून ठेवलेल्या कोशाला साइजिकी. इंग्रजीतून हायकू लिहू पाहणाऱ्या मराठी माणसाजवळ म्हणजे किगोंचा मोठा साठा आयताच आहे.

तरीही गोडावरचे इंग्रजी हायकू बहुतेक वेळा पडतात. कारण साधं आहे. पदार्थाचं नाव आणि 'स्वीट', 'डिलिशस' अशी विशेषणं आली की लिहिणाऱ्याला वाटतं काम झालं. चव शब्दांत येत नाही. येतो तो हात, भांडं, आच, आवाज, आणि पदार्थ बिघडतो तो क्षण. ऋतू शोधायचा तो कृतीत.

आकाराबद्दल थोडक्यात: तीन ओळी, शीर्षक नाही, यमक नाही, उपमा शक्यतो नाही. इंग्रजीत लिहिताना सहसा सगळं लहान लिपीत, शेवटी पूर्णविराम नाही. आत एकच काप, म्हणजे कविता थांबून वळते ती जागा. जपानीत तो या, काना, केरी अशा शब्दांनी पडतो, इंग्रजीत एका आडव्या रेघेने किंवा नुसत्या ओळ तुटण्याने. काप पहिल्या ओळीनंतर किंवा दुसऱ्या ओळीनंतर. एका बाजूला छोटा तुकडा, दुसऱ्या बाजूला दोन ओळींचं सलग वाक्य. दोन्हींच्या मध्ये वाचकाला जागा.

या धाग्यावर आपापले खर्डे टाका. एकमेकांचे दुरुस्त करू. इंग्रजी ओळी देवनागरीतच लिहूया, म्हणजे मोजणी कानाने होते, स्पेलिंगच्या भरवशावर नाही.

लघुगुरू

मोजणीचं आधी मिटवून टाकू, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो.

५-७-५, म्हणजे पहिल्या ओळीत पाच, दुसरीत सात, तिसरीत पाच, हे जपानी 'ओन'चं माप आहे. ओन म्हणजे उच्चाराचा एक ठोका, सिलॅबल नव्हे. 'हायकू' हा शब्द जपानीत हा-इ-कु असा तीन ओनचा. टोक्यो तो-ओ-क्यो-ओ, चार ओन. निप्पोन नि-प्-पो-न्, पुन्हा चार. दीर्घ स्वराला दोन, निप्पोनमधल्या प्, न् सारख्या अर्ध्या व्यंजनाला वेगळा एक (क्यो मात्र एकच). मात्रा मोजायची सवय असलेल्या मराठी वाचकाला हे लगेच कळतं. मात्रा आणि ओन तंतोतंत एक नाहीत (आपल्याकडे ओ नेहमी गुरू, जपानीत तो ऱ्हस्वही असतो), पण दोन्ही काळाची मापं आहेत.

इंग्रजी सिलॅबल हे फार ढिलं माप. 'स्ट्रेंग्थ' हा इंग्रजीत एक सिलॅबल, जपानी लिपीत लिहिला की सु-तो-रे-न्-गु-सु असे सहा ओन. म्हणून १७ ओनमध्ये जेवढा मजकूर मावतो तेवढ्याला इंग्रजीत साधारण १० ते १४ सिलॅबल पुरतात. १७ पुरे करायचे ठरवले की भरताड शब्द शिरतात: 'व्हेरी', 'सॉफ्टली', 'इन माय', 'देअर इज'.

मराठीतून लिहिताना मात्र अक्षरं मोजायची पद्धत आहे: ५-७-५ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, तेव्हापासून आपल्याला तीन ओळींचा घाट ओळखीचा आहे. 'मोदक' लिहिताना तीन अक्षरं, बोलताना मो-दक् असे दोनच सिलॅबल. इंग्रजी ओळीत तो दोनच धरा. तसेच श्रीखंड दोन, तिळगूळ दोन, आमरस दोन, करंजी तीन, बासुंदी तीन, चिरोटे तीन, अनारसा तीन, पुरणपोळी चार. पुरणपोळी चार खाते, म्हणून तीन-पाच-तीनच्या छोट्या हायकूत ती बसवायला अवघड. बसवायची झाल्यास मधल्या ओळीत.

केशर_जायफळ

साइजिकीत नोंदी कशा लावतात ते सांगते, कारण आपली यादी करताना त्याचा उपयोग होतो. भाग पाच: वसंत, ग्रीष्म, शरद, हेमंत आणि पाचवा नवं वर्ष. प्रत्येकात काळ, आकाश, भूमी, जीवन, सण-विधी, प्राणी, वनस्पती असे वर्ग. खाणंपिणं 'जीवन' या वर्गात जातं. म्हणजे गोड हा सणाचाच शब्द असावा लागतो असं नाही. बर्फाचा किस घातलेला काकिगोरी ग्रीष्मातला. तांदळापासून केलेलं आमाझाके गरम पितात, तरी साइजिकीत ते ग्रीष्मात.

त्यांच्या मिठाया, म्हणजे वागाशी, पाहिल्या तर ऋतू कुठे दडवतात ते दिसतं. साकुरामोचीला खारवलेलं चेरीचं पान गुंडाळतात, ती वसंतातली. काशिवामोचीला ओकचं पान, ती ५ मेच्या मुलांच्या सणाची. क्योतोत ३० जूनला मिनाझुकी खातात: पांढरा त्रिकोणी तुकडा, वर अझुकी या लाल कडधान्याचे दाणे. मिझुयोकान ही पाणीदार, थंड, उन्हाळ्यातली. आणि एक तर फार सुंदर: भाताच्या गोळ्याला अझुकीचं पुरण लावलेली एकच मिठाई, वसंत विषुवाला तिला बोतामोची म्हणतात, शरद विषुवाला ओहागी. बोतान हे वसंतातलं फूल, हागी शरदातलं. पदार्थ तोच राहतो, ऋतूप्रमाणे नाव फिरतं.

पान, आकार, रंग, थंडपणा. चवीचा उल्लेख कुठेच नाही. आपल्या मोदकाखालचं हळदीचं पान हा असाच किगो आहे. ते भाद्रपदातच मिळतं म्हटलं तरी चालेल, मंडईबाहेर जुड्या दिसू लागल्या की गणपती जवळ आले.

अजून एक. साइजिकीचा वसंत सुमारे ४ फेब्रुवारीला सुरू होतो, ग्रीष्म ५-६ मे, शरद ७-८ ऑगस्ट, हेमंत ७-८ नोव्हेंबर. म्हणून कलिंगड तिथे परंपरेने शरदात गेलंय. पुण्यात ते फेब्रुवारी-मार्चपासून रस्त्यावर. स्ट्रॉबेरी त्यांच्याकडे ग्रीष्मात, आपल्याकडे महाबळेश्वरची डिसेंबर ते मार्च. तिथली नोंद उचलून इथल्या कवितेत ठेवू नका. इंग्रजीत लिहिलं म्हणून ऋतू परका होत नाही.

भाद्रपद

माझा खर्डा. मोजून ५-७-५ आहे.

स्वीट मोदक्स स्टीमिंग
इन माय ग्रँडमदर्स किचन
द रेन इज फॉलिंग

काय काढावं आणि काय ठेवावं?

ओळ_तिसरी

भाद्रपद, मोजणी बरोबर आहे, आणि तिच्यासाठी तुम्ही काय काय दिलंत ते पाहा.

'स्वीट' काढा, मोदक गोडच असतो. 'इन माय' आणि 'इज' हे निव्वळ भरताड. 'ग्रँडमदर्स किचन' हा वाचकाला हुकमी गहिवर आणणारा शब्दप्रयोग. इंग्रजीत भारतीय घराबद्दल लिहिलेल्या कवितांमध्ये आजी इतक्या वेळा येते की तिच्यामागचं माणूस दिसतच नाही. आजीऐवजी हात दाखवा. 'स्टीमिंग' आणि 'फॉलिंग' दोन्ही 'इंग'ने संपतात, यमक झालं आणि क्रिया दोन्हीकडे लांबत राहिली. मुख्य अडचण: घडत काहीच नाही. मोदक वाफेवर आहेत, पाऊस पडतोय. दोन्ही अपेक्षितच.

मोदकात घडतं काय? उकड कोरडी राहिली, गरम असताना नीट मळली नाही, पारी बुडाशी जाड नि कडेला पातळ झाली, सारण जास्त भरलं किंवा वाफ गरजेपेक्षा जास्त दिली तर मोदक फुटतो. कळीच्या रेघेवरून फुटतो. तिथे पाहा.

स्टेडी रेन—
वन मोदक ओपन
अॅट द प्लीट

३-५-३. अकरा सिलॅबल.

लघुगुरू

पाऊस आणि मोदक दोन्ही ऋतुशब्द. एका हायकूत दोन किगो आले की ते एकमेकांचं वजन खातात, जपानीत याला किगासाने म्हणतात आणि टाळायला सांगतात. मोदक आला की भाद्रपद आलाच, पाऊस कशाला?

परात

पावसाऐवजी ढोल?

ड्रम्स फ्रॉम द लेन—
वन मोदक ओपन
अॅट द प्लीट

गणपतीच्या आधी काही आठवडे पुण्यात नदीपात्राच्या कडेने ढोल-ताशाचा सराव सुरू असतो, तो आवाज सगळ्या पेठांत येतो.

ओळ_तिसरी

ढोल आणि मोदक दोन्ही गणपतीचेच. एक ऐकल्यावर दुसरं येणारच हे वाचकाला माहीत असतं, म्हणून दोन भागांत अंतर उरत नाही. जपानी लोक अशा जोडीला त्सुकिसुगी म्हणतात, फार चिकटलेली. उलट बाजूला फार लांबचं काही आणलं तर जोडच बसत नाही. हे अंतर ठरवणं हाच या कवितेतला सगळ्यात अवघड भाग आहे, त्याला सूत्र नाही. पाच-सहा वेगवेगळे तुकडे वर ठेवून पाहायचे आणि खालच्या दोन ओळी ज्याच्याजवळ बदलतात तो ठेवायचा.

मी हे ठेवेन: 'पॉवर कट'. त्यात ऋतू नाही, म्हणून मोदकाला जागा राहते, आणि भाद्रपदात वीज जाते हे इथल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

भाद्रपद

पण वीज गेल्यावर फुटलेला मोदक दिसला कुणाला?

ओळ_तिसरी

हा प्रश्न नेमका आहे. मग डोळा काढून बोट आणू.

पॉवर कट—
माय थंब फाइंड्स द मोदक
दॅट स्प्लिट

३-६-२. स्पर्श आल्याबरोबर 'प्लीट' लागत नाही. 'स्प्लिट' हा शब्द शेवटी, एका ठोक्यात तुटणारा. आता 'मोदक' म्हणजे काय हे न कळणाऱ्या परदेशी वाचकालाही एवढं कळतं की हाताने केलेली, बोटाला जाणवेल अशी फुटणारी काही वस्तू आहे. तेवढं पुरे.

परात

हलव्याचं लिहायचं आहे, आधी कृतीचं सांगतो कारण सगळा हायकू तिच्यातच आहे.

संक्रांतीचा काटेरी हलवा करताना भाजलेले तीळ (किंवा साबुदाणा, खसखस) परातीत घेतात. साखरेच्या निम्मं पाणी घालून पातळसर एकतारी पाक करायचा, दुधाचा चमचा टाकून मळी काढायची. परात अगदी मंद आचेवर. अर्धा चमचा पाक सोडायचा, बोटांनी सतत हलवत राहायचं, तो पूर्ण सुकल्यावर पुढचा अर्धा चमचा. दोन-तीन दिवस. आच वाढली की साखर पिठाळ होते आणि पिवळी पडते. पाक जास्त पडला की दाणे एकमेकांना चिकटतात. हवेत दमटपणा असला तर सगळं नीट करूनही दाणा गुळगुळीत राहतो, काटा येत नाही. म्हणून पहाटेच्या कोरड्या गारठ्यात करतात. हा पदार्थ थंडीशिवाय होतच नाही, हे त्याचं ऋतूशी नातं.

मराठीत:

पौषाची थंडी
हलव्यावर आला
पहिला काटा

केशर_जायफळ

५-७-५ बरोबर. पण पहिली ओळ कारण सांगते आणि उरलेल्या दोन परिणाम. थंडी पडली म्हणून काटा आला. हायकूत कार्यकारण आलं की काप असूनही मध्ये काही उरत नाही. शिवाय थंडी आणि हलवा, पुन्हा दोन किगो. थंडीचं नाव काढा, ती ज्या वाटेने आत येते ती ठेवा:

दार उघडे
हलव्याला अखेर
येतोय काटा

अक्षरं पुन्हा ५-७-५. थंडीने अंगावर येणारा काटा वाचकाच्या मनात आपोआप जागा होतो, तो लिहायचा नाही.

परात

हे फारच चांगलं झालं. इंग्रजीत नेताना 'हलवा' शब्द मात्र चालणार नाही. तो शब्द वाचला की बाहेरच्या वाचकाला गाजराचा किंवा रव्याचा हलवा आठवतो. म्हणून वस्तू साध्या शब्दांत:

डोअर लेफ्ट ओपन—
ऑन ईच सेसमी सीड
द फर्स्ट थॉर्न्स

४-६-३. 'शुगर' घातलेली नाही. घालावी का?

लघुगुरू

नको. तिळाच्या दाण्यावर काटे हे वाचून वाचक थांबतो, तेवढं कोडं राहू दे. 'शुगर' घातली की ओळ समजावणीची होते.

मधली_सुट्टी

मराठी शब्द इंग्रजी हायकूत ठेवताना तिरपे छापायचे का? खाली अर्थाची टीप द्यायची का?

ओळ_तिसरी

तिरपे नकोत, तीन ओळींत एक तिरपा शब्द असला तर नजर आधी तिथेच जाते. टीप शक्यतो नको. टीप लागतेय असं वाटलं तर दोन कसोट्या लावा. पहिली: शब्दाशेजारी अशी क्रिया आहे का, जिच्यावरून वस्तूचा पोत कळेल? दुसरी: त्या शब्दाऐवजी 'स्वीट' किंवा 'केक' टाकून कविता तशीच राहते का? राहत असेल तर तो मराठी शब्द नुसता सजावटीचा आहे, काढा. आणि एका हायकूत मराठी शब्द एकच. 'श्रावण', 'नारळीभात' आणि 'राखी' तिन्ही एका जागी आणले की ती यादी होते.

केशर_जायफळ

यादीवरून आठवलं, हा सगळ्यात जास्त दिसणारा दोष. तीन ओळी, तीन वेगळी चित्रं, प्रत्येक ओळीनंतर थांबा:

मँगो पल्प
सीलिंग फॅन
मे आफ्टरनून

जपानीत याला सानदानगिरे म्हणतात, तीन जागी कापलेलं. काप एकच हवा. तीनपैकी दोन ओळी एका वाक्यात जोडल्या नाहीत तर हायकू उभा राहत नाही. वर 'मे आफ्टरनून'ची गरजही नाही, आमरस म्हटल्यावर मे आला.

दुसरा दोष याच्या उलट टोकाचा: जागा वाचवण्यासाठी 'अ' आणि 'द' सगळीकडून उडवणे. 'वुमन स्टर मिल्क, मून राइज' असं. इंग्रजी वाचकाला ही तुटकी भाषा वाटते, हायकू नाही. लागतो तिथे 'द' ठेवावा. वरच्या 'माय थंब फाइंड्स द मोदक'मधला 'द' काढून म्हणून पाहा, ओळ लगेच लंगडते.

तिसरा: तिसऱ्या ओळीत अर्थ सांगून टाकणे. 'मेमरीज ऑफ होम', 'लाइफ इज शॉर्ट', 'सो मच लव्ह'. तिसरी ओळ पूर्ण झाकून पहिल्या दोन वाचा. त्या दोन ओळींत वाचकाला तेच कळत असेल, तर तिसरीत वस्तू ठेवा.

कोजागरीच्या दुधात चंद्र दिसला, हेही आता लिहू नये. जपानीत नुसता 'चंद्र' म्हटला की शरदातला, त्सुकिमीच्या, म्हणजे चंद्रदर्शनाच्या, रात्री चंद्रासमोर दांगो (तांदळाच्या पिठाचे गोळे) ठेवतात, त्यावर शतकानुशतकं लिहिलं गेलंय. दूध आटवताना कढईच्या कडेला चिकटणारी साय, ती उलथन्याने खरवडल्याचा आवाज, केशर आधी खलायचं राहिलं म्हणून फिका राहिलेला रंग, यांतून काही शोधा.

मुळामुठा

आमरसावर हे कसं आहे? मोसम संपतानाचं आहे.

फर्स्ट क्लाउड्स—
द मँगो स्टोन सक्ड
डाउन टू इट्स हेअर

लघुगुरू

२-५-४. छान आहे. किगो दोन आहेत, ढग आणि आंबा, पण इथे ते चालतात, कारण कविता दोन ऋतूंच्या सांध्यावरच उभी आहे. एक जातोय, दुसरा येतोय. नियम मोडला ते कशासाठी हे दिसतंय.

'हेअर' फार चांगला. कोयीचे केस हापूसपेक्षा रायवळ आंब्याला जास्त, चोखून खायचा तो. वाचकाला तेवढं सांगावं लागत नाही, 'सक्ड' म्हटल्यावर कळतं.

मधली_सुट्टी

'जून' लिहिलं तर ऋतू कळत नाही का?

ओळ_तिसरी

इंग्रजी वाचक जून म्हटला की ऊन धरतो. पुण्यात जून म्हणजे मृगाचा पाऊस. 'समर रेन' लिहिलं तरी गोंधळ, आपला उन्हाळा मार्च ते मे. जपानी साइजिकीतही पावसाळा ग्रीष्माच्या पोटात आहे. आपल्याला वर्षा हा स्वतंत्र ऋतू हवा, म्हणून यादी करताना सहा ऋतू घ्या. महिन्याचं नाव न लिहिता वस्तू लिहा: हळदीचं पान, ओली छत्री, कोयी, चक्क्याचा पंचा.

पंच्यावरून एक घ्या. पाडव्याच्या श्रीखंडासाठी दही आदल्या रात्री पंच्यात टांगतात. चैत्राच्या उकाड्यात जास्त वेळ बाहेर राहिलं तर चक्का आंबट होतो, म्हणून पहाटेच उतरवतात. म्हणजे वेळ हीच इथे नाजूक गोष्ट.

नॉट येट डॉन
व्हे ड्रिप्स फ्रॉम द क्लॉथ
ऑन्टू स्टील

३-५-३. श्रीखंडाचं नाव नाही, उन्हाळ्याचं नाव नाही. 'स्टील'वर पडणारा थेंब कानाला ऐकू येतो. 'बोल' लिहिलं होतं, ते काढलं, भांडं आहे हे कळतंच. याला एकाच वस्तूवरचा हायकू म्हणायचं, जपानी संज्ञा इचिबुत्सु-जिताते. मोदकाचा तो दोन वस्तू शेजारी ठेवलेला, तोरिआवासे. सुरुवातीला दुसरा प्रकार सोपा जातो, कारण काप ठळक असतो.

धोंड्याचा_महिना

अधिक महिना किगो होतो का? जावयाला ३३ अनारशांचं वाण, हे तर पक्कं अधिक महिन्याचं.

अधिक मास
अनारसा हसला
तेहतिसावा

परात

वा! ५-७-५ अंगाला बसलेलं, एकही शब्द भरीचा नाही.

बाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी: तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, उपसून, सावलीत अर्धवट वाळवून दळतात. पीठ चाळून त्याच्या वजनाएवढा किसलेला गूळ घालतात आणि गोळा चार-पाच दिवस तरी मुरवतात. खसखशीवर थापून, खसखस वरच्या बाजूला ठेवून, मंद तुपात तळतात, उलटत नाहीत, वर झाऱ्याने तूप उडवतात. गूळ जास्त झाला, पीठ ओलं राहिलं किंवा तूप पुरेसं तापलं नाही की अनारसा तुपात पसरून विरतो. त्याला आपण हसला म्हणतो. बत्तीस नीट झाले आणि शेवटचा गेला, म्हणजे वाण अपुरं.

लघुगुरू

कविता उत्तम, पण किगोचं उत्तर 'नाही' असं आहे. अधिक महिना साधारण ३२-३३ महिन्यांनी येतो आणि दर वेळी वेगळ्या जागी. २०२३ ला अधिक श्रावण होता, २०२६ ला अधिक ज्येष्ठ. एक भर पावसात, दुसरा उन्हाळ्याच्या शेवटी. ऋतू त्यातून कळत नाही.

माझ्या मते हा सेनर्यू आहे: घाट हायकूचाच, पण ऋतूऐवजी माणसाच्या व्यवहारावर नजर. त्यात कमीपणा काही नाही. हायकूच करायचा असेल तर पहिली ओळ बदलून ऋतू आणावा लागेल, आणि मग तेहतीसचा संदर्भ सुटेल. मी बदलणार नाही.

केशर_जायफळ

मी याला हायकूच म्हणेन. आपल्या पंचांगात तो महिना आहे, त्याची वेगळी खाणी आहेत, वेगळी दानं आहेत. जपानी साइजिकीत नव्या वर्षाला ऋतूंबाहेरचा पाचवा भाग दिलाच आहे ना? आपल्या यादीत अधिक महिन्याला सातवा भाग द्यावा. मात्र इंग्रजीत हा नेऊ नये. 'हसला' तिथे जाणार नाही, आणि तेहतीस का हे सांगायला चौथी ओळ लागेल.

लघुगुरू

सातवा भाग हे पटलं. तशी यादी करायला घेऊ.

मुळामुठा

सगळ्यांनी मिळून एकदा गिन्को करायचं का? म्हणजे एकत्र फिरायचं, टिपणं घ्यायची, मग लिहायचं.

ओळ_तिसरी

जरूर. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. गिन्कोला जागा योग्य आहे, पण गोडाचा विषय असेल तर आधी मंडई आणि तुळशीबाग, नंतर उद्यान असा क्रम ठेवू. वस्तू मंडईत मिळतात, शांतपणे लिहायला उद्यान बरं.

पद्धत अशी. मंडईत साधारण तासभर. बोलायचं नाही. कविता लिहायची नाही, फक्त टिपणं, एका ओळीत एक वस्तू आणि तिचं एक क्रियापद: 'गूळ—फोडतात', 'चाळणी—ठोकतात', 'हळदीची पानं—पाणी शिंपडतात'. विशेषण लिहायचं नाही. दहा टिपणं झाली की पुरे. उद्यानात बसून त्यातल्या दोन-तीन टिपणांना वर किंवा खाली एक तुकडा जोडून पाहायचा.

मग कुकाई, म्हणजे हायकूंची बैठक. प्रत्येकाने तीन हायकू तीन वेगळ्या चिठ्ठ्यांवर, नाव न घालता. चिठ्ठ्या मिसळायच्या. मिसळल्यावर प्रत्येकाने दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या कोऱ्या कागदावर उतरवून क्रमांक द्यायचे, म्हणजे अक्षरावरून ओळख पटत नाही. कागद सगळ्यांत फिरवायचे, प्रत्येकाने स्वतःचा सोडून तीन निवडायचे. निवडलेले मोठ्याने वाचायचे, निवडणाऱ्याने का निवडला ते दोन वाक्यांत सांगायचं, आणि चर्चा संपल्यावरच कवीने नाव सांगायचं. नाव आधी कळलं की दुरुस्त्या मवाळ होतात, म्हणून हा क्रम मोडायचा नाही. सहा ते दहा माणसं ठीक. त्यापेक्षा जास्त झाली तर प्रत्येकी दोनच हायकू.

परात

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मंडईत उभं राहायला जागा नसते. पंधरवडाभर आधी गेलो तर पानंही असतील, गर्दीही कमी.

केशर_जायफळ

मी चिठ्ठ्या आणि पेन्सिली आणते. पेन नको, पावसात शाई पसरते.